ओलीचा पंचनामा

पुराचा इतिहास आपल्याकडे बहुधा पाण्याच्या उंचीवरून लिहिला जातो. कोणत्या साली पाणी कोणत्या देवळाच्या पायरीस लागले, किती घरे जमीनदोस्त झाली, किती गुरे वाहून गेली, याची नोंद दप्तरात असते आणि वृद्धांच्या बोलण्यातही असते. पाणी ओसरल्यानंतर घरांच्या भिंतींत जी ओल मागे राहते, तिची नोंद मात्र सहसा सापडत नाही. ज्या घरात पुराचे पाणी शिरून गेले आहे, त्या घरच्या माणसांना विचारावे. पाणी दोन दिवसांचे होते, ओल वर्षभराची होती, असेच उत्तर मिळते. भिंतींवर उमटलेली काळी-हिरवी बुरशी, कपाटातील कपड्यांचा कुबट वास, लहान मुलांचा न हटणारा खोकला आणि एकमेकांस चिकटून विटेसारखी झालेली पुस्तके, हा त्या वर्षाचा ऐवज. या दुर्लक्षित ओलीचा थोडा मागोवा घ्यावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सिल्वासासारख्या ठिकाणी राहणाऱ्यांना या विषयाची निकड वेगळी सांगावी लागू नये. दमणगंगा नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीत उगम पावते, आपल्या प्रदेशातून वाहत जाते आणि दमणपाशी समुद्रास मिळते. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस मधुबनच्या जलाशयात येतो आणि जलाशय भरल्यावर खाली सोडावा लागतो. ऑगस्ट २००४ मध्ये आलेला पूर सिल्वासा, वापी आणि दमण येथील अनेकांच्या स्मरणात असेल. आपल्याकडे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. मोठा पूर यायचा तो बहुधा जुलै-ऑगस्टात, आणि त्यानंतरही पावसाळ्याचा दीड-दोन महिन्यांचा काळ शिल्लक असतो. म्हणजे घर भिजते तेव्हा ते वाळवायला ऊन नसते. कोरड्या देशातील पूरग्रस्ताला जी सवलत निसर्ग देतो, ती आपल्याला नाही.

या इतिहासाचा प्रारंभ आम्ही १९६१ या सालापासून करतो. त्यास कारण आहे. दादरा व नगर हवेलीच्या दृष्टीने ते साल फार महत्त्वाचे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले आणि पुढे सात वर्षांनी, ११ ऑगस्ट १९६१ रोजी, हा प्रदेश भारतीय संघराज्यात विधिवत विलीन झाला. मुक्तिसंग्रामात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मंडळी उतरली होती आणि पुण्याहून आलेल्या तरुणांचा त्यात मोठा वाटा होता. त्याच पावसाळ्यात, विलीनीकरणाच्या अवघ्या एक महिना आधी, त्याच पुण्यावर जलप्रलय कोसळला. इकडे प्रदेश घडत असताना तिकडे शहर मोडत होते.

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्याचे काम पूर्णत्वास गेले नव्हते, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले होते. ते सारे पाणी खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणावर आदळले आणि काही तासांत तेही धरण खचले. मुठेचे पाणी शनिवार, नारायण, कसबा, सोमवार या पेठांत शिरले. लकडी पूल पाण्याखाली गेला. नदीकाठच्या वस्तीत तेव्हा वाड्यांची संख्या मोठी होती. दगडी जोते, सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मधल्या भिंती विटांच्या अथवा पांढरीच्या मातीच्या, अशी त्यांची घडण. पाणी शहरात काही तासच होते. पण मातीच्या भिंतीला तेवढे तास पुरेसे होतात. खालची माती विरघळली, भिंत बसली आणि तिच्यावर टेकलेला मजला खाली आला. हजारो घरे अशी पडली.

पुनर्वसनाचे काम स. गो. बर्वे यांच्यासारख्या कर्तबगार प्रशासकाकडे सोपविण्यात आले. चौकशीचे काम आधी न्यायमूर्ती बावडेकर आणि नंतर न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे गेले. गोखलेनगरसारख्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या, अर्धगोल पत्र्याचे निस्सेन हट उभारले गेले, पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्था निघाल्या. हा सारा इतिहास अभिमानास्पद आहे. तथापि त्यातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या पुराचे स्वरूपच असे होते की प्रशासनापुढे मुख्य प्रश्न एकच उरला: घर पडले की उभे राहिले? पडलेल्याला नवी जागा द्यायची, उभे राहिलेल्याला त्याच्या जागी सोडायचे. उभ्या राहिलेल्या घरांच्या भिंतींत किती पाणी मुरले आहे, हे विचारण्याचा तो प्रसंग नव्हता आणि तेवढी उसंतही कोणाला नव्हती.

उभ्या राहिलेल्या घरांचे पुढे काय होत असे, हे समजण्यासाठी जुन्या बांधकामाचा थोडा विचार करावा लागेल. जुन्या घरांचे गुणगान करण्याची हल्ली प्रथा पडली आहे. पुराच्या बाबतीत ते गुणगान अर्धेच खरे आहे. मातीची भिंत पुरापुढे टिकत नाही, हे पुण्याने पाहिले. परंतु चुन्यात बांधलेली विटांची अथवा दगडांची भिंत जर उभी राहिली, तर ती वाळत असे. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. आतली ओल वाफेच्या रूपाने बाहेर जाऊ देतो. शिवाय ताजा चुना तीव्र क्षारधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहसा धरत नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास घराला चुन्याची सफेदी करण्याची जी रीत होती, तिच्यात शोभेइतकाच आरोग्याचाही भाग होता. त्यास उंच छपरे, कौलांतून खेळणारी हवा आणि चुलीची ऊब यांची जोड असे. त्या काळी कोणी बुरशीशास्त्र शिकलेले नव्हते, पण घर वाळण्याची व्यवस्था घराच्या घडणीतच होती.

पुढच्या चाळीस वर्षांत घर पूर्णपणे बदलले. सिमेंट-काँक्रीटचा सांगाडा आला. विटांच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा, त्यावर लांबी, त्यावर डिस्टेंपर अथवा तैलरंग आला. लाकडाच्या जागी प्लायवूड आणि भुशाचे दाबून केलेले तक्ते आले. छत खाली आले, खिडक्या काचेने बंद झाल्या. असे घर पुरात पडत नाही. ते भिजते आणि भिजलेलेच राहते. बाहेरच्या अभेद्य थरामुळे आतले पाणी कोंडले जाते आणि प्लायवूडचा डिंक व भुसा ही तर बुरशीला मांडून ठेवलेली पंगतच.

पुरांचे स्वरूपही पालटले. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि तळमजल्यांवरील असंख्य बिऱ्हाडे पाण्यात गेली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००६ मध्ये, उकाई धरणाच्या विसर्गानंतर आपल्या शेजारचे सुरत शहर तापीच्या पाण्यात काही दिवस बुडून राहिले. तेथील खानदेशी कुटुंबांशी आपल्यापैकी अनेकांचे नातेसंबंध आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले आणि अनेक वस्त्यांत ते आठवडाभर हलले नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली. या सर्व ठिकाणी १९६१ च्या पुण्याच्या मानाने इमारती फार थोड्या पडल्या. ज्या उभ्या राहिल्या, त्या मात्र पाणी पिऊन उभ्या राहिल्या.

मोजपट्टी मात्र पडझडीच्या काळातलीच राहिली. आम्ही महाराष्ट्र शासनाच्या सेवेत असताना अनेक पावसाळे पंचनाम्यांच्या कामात काढले. घराच्या नुकसानीचे प्रकार ठरलेले असतात: पूर्णतः पडलेले, गंभीर नुकसान झालेले, अंशतः पडलेले. आपत्ती मदतीच्या निकषांत अंशतः नुकसानीसाठीही निदान पंधरा टक्के हानी दिसावी लागते. भिंतीला तडा असेल तर तो मोजता येतो, कोपरा ढासळला असेल तर त्याचे छायाचित्र काढता येते. ज्या घराच्या चारही भिंती सरळ उभ्या आहेत आणि आतून पाण्याने भरल्या आहेत, त्या घरासाठी रकाना नाही. पंचनामा पाणी ओसरल्यावर लगेच होतो आणि बुरशी त्यानंतर दिसू लागते, हीही त्यातली एक मेख आहे. पंच सह्या करून जातात तेव्हा भिंत केवळ ओली दिसते. ती काळी होते तेव्हा कागद तालुक्याला पोहोचलेला असतो. यात कोणा कर्मचाऱ्याचा दोष नाही. निकष जसे असतील तसा पंचनामा होतो. परंतु जे मोजले जात नाही त्याची तजवीजही होत नाही, हा शासकीय कामाचा स्वभाव आहे, आणि म्हणून ओलीचा सारा भार गृहस्थावर पडतो.

ही ओल नेमके काय करते, हे थोडक्यात पाहू. बुरशीची बीजे हवेत सदैव असतात. कोणतेही घर त्यांच्यापासून मुक्त नाही. त्यांना रुजण्यास हवे असते ते पाणी आणि खाण्यास कागद, लाकूड, सुती कापड अथवा धुळीचा पातळ थर. हे मिळाले की एक-दोन दिवसांतच ती रुजतात, आणि ती डोळ्यांस दिसू लागेपर्यंत त्यांची मुळे खोल गेलेली असतात. दुसरे असे की पाणी भिंतीत पुराच्या रेषेपाशी थांबत नाही. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. म्हणून कमरेइतके पाणी आलेल्या घरात खांद्याच्या उंचीवर डाग उमटतात आणि घरमालक चकित होतो. पुढे ओल उडताना भिंतीतील क्षार पृष्ठभागावर येतात, लोणा धरतो आणि रंगाचे पोपडे सुटतात.

मुंबईच्या जलप्रलयानंतर महिनाभराने, २९ ऑगस्ट २००५ रोजी, अमेरिकेत कॅटरिना वादळ आले आणि न्यू ऑर्लिअन्स शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. तेथील आरोग्य यंत्रणेने ऑक्टोबरमध्ये ११२ घरांची पाहणी केली, तेव्हा ४६ टक्के घरांत उघड दिसणारी बुरशी आढळली आणि १७ टक्के घरांत ती फार मोठ्या प्रमाणावर होती. पाणी गेल्यावर घरांतील बुरशी मोजण्यासाठी कोणीतरी दारोदार गेले, हे आम्हांस त्या आकड्यांहून महत्त्वाचे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली; ओलसर घरांतील माणसांत दमा आणि श्वसनाचे अन्य विकार अधिक आढळतात, असे त्यांत स्पष्ट नमूद आहे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. २०२१ मध्ये करोनाच्या साथीत ‘काळी बुरशी’ या नावाने जो भयंकर आजार गाजला, तो म्युकरमायकोसिस. भिंतीवरचा काळा थर म्हणजे तो आजार नव्हे. भिंतीवरच्या बुरशीचे दुखणे सावकाश असते आणि छातीत असते.

घराइतकीच काळजी ग्रंथांची. आपल्या बुलेटिनाच्या वाचकांना हा भाग अधिक जिव्हाळ्याचा वाटेल. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. २०१३ मध्ये चिपळुणात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद याच संस्थेने भूषविले. २००५ च्या पुरात तिच्या ग्रंथसंपदेची हानी झाली, ती सावरली, आणि २०२१ मध्ये पुन्हा पाणी आत आले. सांगली नगर वाचनालय १८६९ चे. दीडशेव्या वर्षी, २०१९ च्या महापुरात, त्याचे हजारो ग्रंथ भिजले. दोन्ही संस्था पुन्हा उभ्या राहिल्या, हे वाचनप्रेमी समाजाचे श्रेय. नवी पुस्तके देणगीने येतात. दुर्मीळ अंक आणि जुन्या आवृत्त्या मात्र देणगीने परत येत नाहीत.

भिजलेल्या ग्रंथांचे शास्त्र जगाला शिकवले ते इटलीतील फ्लॉरेन्स शहराने. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचे पाणी तेथील राष्ट्रीय ग्रंथालयात शिरले आणि दहा लाखांहून अधिक ग्रंथ व कागदपत्रे चिखलात गेली. देशोदेशींचे तरुण धावून आले. लोकांनी त्यांना ‘चिखलातले देवदूत’ म्हटले. पानापानांत टिपकागद घालून पुस्तके वाळविली गेली. तंबाखू वाळविण्याच्या भट्ट्याही त्या कामी लावल्या. परंतु संख्या एवढी मोठी होती की वाळवणे होईपर्यंत बुरशी पुढे जात होती. या कामात असलेले ब्रिटिश ग्रंथबांधणीतज्ज्ञ पीटर वॉटर्स यांनी पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी १९७५ मध्ये एक पुस्तिका लिहिली. तिचा गाभा असा: जे दोन दिवसांत वाळवता येणार नाही, ते गोठवावे. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि निर्णयास अवधी मिळतो. आपल्या किनारपट्टीवर मासळी गोठविण्याची सोय आहे आणि घरोघरी शीतकपाट आहे. दहा-पंधरा दुर्मीळ ग्रंथ पिशव्यांत घालून गोठणकप्प्यात ठेवणे कोणालाही शक्य आहे.

या साऱ्या अनुभवांतून घर आणि कागद यांच्यासाठी जे निष्कर्ष निघतात, ते असे. चिखल ओला असतानाच काढावा. वाळल्यावर तो घट्ट बसतो आणि त्याची धूळ छातीत जाते. विजेची जोडणी जाणकाराने तपासल्याखेरीज पंखा लावू नये, आणि तपासल्यावर मात्र दारे-खिडक्या उघडून तो अहोरात्र चालू ठेवावा. गाद्या, उशा, भिजलेले प्लायवूड आणि भुशाचे तक्ते यांचा मोह सोडावा. फुगलेला सिमेंटचा गिलावा पाण्याच्या रेषेच्या हातभर वरपर्यंत काढून विटा उघड्या कराव्यात. बुरशी कोरड्या झाडूने झाडू नये; नाक-तोंड झाकून, हातमोजे घालून ओल्या फडक्याने व साबणाच्या पाण्याने पुसावी. ब्लीचिंग पावडर फरशीसारख्या कठीण पृष्ठभागावर उपयोगी आहे. सच्छिद्र भिंतीत ती खोल जात नाही. ती शौचालय धुण्याच्या आम्लात कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो.

सर्वांत कठीण पथ्य संयमाचे आहे. विटांची भिंत वाळण्यास, हवा खेळती असेल तर, दर इंचाला सुमारे एक महिना लागतो, असा बांधकामातील ठोकताळा आहे. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असली तरी तिला चार-पाच महिने हवेत. ऑगस्टात पूर येतो, मागोमाग गणपती येतात आणि दोन-अडीच महिन्यांत दिवाळी. सणासाठी भिंती रंगवून घेण्याची घाई होते आणि ओल रंगाखाली कायमची कोंडली जाते. भिंतीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवावा; मागे पाण्याचे थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे असे समजावे. त्या वर्षीची दिवाळी उघड्या विटांत किंवा फार तर चुन्याच्या सफेदीत साजरी करावी. त्यात कमीपणा नाही.

कागदांच्या बाबतीत दोन गोष्टी सांगतो. ओले पुस्तक जबरीने उघडू नये आणि कडक उन्हात ठेवू नये. ते उभे करून पंख्याच्या वाऱ्यात ठेवावे. गुळगुळीत कागदाची पाने एकदा चिकटून वाळली की सुटत नाहीत, म्हणून अशी पुस्तके प्रथम गोठवावीत. जुन्या मोडी कागदांवरील काजळीची शाई पाण्याने फिकट होत नाही, पण चोळल्यास पसरते. असा कागद पुसू नये, नुसता टिपावा. वेखंड आणि कडुनिंबाचा पाला कसरीला दूर ठेवतात. ओल थांबवीत नाहीत.

आपल्या प्रदेशातील जुन्या मराठी घरांत अजून पेट्या आहेत. त्यांत विलीनीकरणापूर्वीची पत्रे, नेमणुकीचे कागद, जमिनीचे दस्त, लग्नपत्रिका, मासिकांचे फाइल केलेले अंक असतात. २६ जानेवारी २०२० रोजी दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हे एकच केंद्रशासित क्षेत्र झाले. दप्तरे हलली, नावे बदलली. मुक्तीनंतर येथे स्थिरावलेल्या मराठी माणसांचा इतिहास सरकारी दप्तरात थोडा आहे आणि या पेट्यांत पुष्कळ आहे. पेट्या मात्र जड असतात, आणि जड वस्तू तळमजल्यावर ठेवली जाते.

म्हणून आमच्या संस्थेने एक वही घालावी, अशी आमची सूचना आहे. ज्या ज्या सभासदाच्या घरात पाणी आले, त्याने २००४ ची आणि त्यानंतरची पाण्याची रेषा जमिनीपासून किती फुटांवर होती हे लिहावे. ओल किती वर चढली, भिंत कोणत्या महिन्यात वाळली, घरात कोणाला श्वासाचा त्रास झाला, कोणते कागद गेले, हेही लिहावे. पुढे कधी निकष बदलण्याची गोष्ट निघाली, तर दाखवायला आपल्या हाती काहीतरी लेखी असेल. ज्यांच्याकडे जुन्या पेट्या आहेत त्यांनी त्या मृग लागण्याच्या आत वरच्या मजल्यावर न्याव्यात. ज्यांना वरचा मजला नाही त्यांनी शेजाऱ्याला विचारावे. आपल्या वस्तीत अशा कामाला कोणी नाही म्हणत नाही.